फाटकाशी आलेला रोगी

घाटाखालच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत. अफूची तलफ शमवणारा काढा त्यांनी सिद्ध केला होता आणि गावातल्या काही व्यसनी माणसांवर, त्यांच्या संमतीने, त्याचा प्रयोग चालवला होता. गुण येत होता. ते ऐकून एक मोठा व्यापारी स्वतः पाहायला आला. खात्री पटली तर तो हा काढा गावोगावी नेणार होता.

बरे झालेले रोगी ओसरीवर बसले होते. इतक्यात वैद्यांच्या शिष्याला फाटकाशी केरबा तांबट दिसला. सर्वांत आधी बरा झालेला तो हाच. आज त्याचे डोळे तारवटले होते.

शिष्य धावतच गेला. “पुन्हा घेतलीस?”

“घेतली. भाऊ गेला माझा. दिवसकार्य उरकून सगळे गेले आणि घर खायला उठलं. वैद्यबुवांना भेटू द्या.”

“आज नको! त्या पाहुण्यांनी तुला पाहिलं, तर सगळं मातीत जाईल.”

केरबा हलेना. शिष्याने फाटक ओढून घेतले. त्या आवाजाने वैद्यांनी वळून पाहिले. ते उठून आले, केरबाचे सगळे ऐकून घेतले, त्याचा हात धरला आणि त्याला थेट व्यापाऱ्यासमोर बसवले.

“यालाही हाच काढा दिला होता. याचा भाऊ गेला, आणि याने पुन्हा अफू घेतली आहे.”

व्यापाऱ्याने केरबाकडे निरखून पाहिले.

“म्हणजे औषध खोटं?” व्यापाऱ्याने विचारले.

“अपुरं आहे. तलफ शमते, दुःख शमत नाही. हे आज याच्यामुळे कळलं.”

“मग पुरं झालं की कळवा,” असे म्हणून व्यापारी निघून गेला.

शिष्याचा संताप अनावर झाला. “गुरुजी, एक दिवस त्याला बाहेर ठेवलं असतं, तर काय बिघडलं असतं?”

“फाटकावरून तो कुठे गेला असता?”

शिष्याने फाटकाकडे पाहिले. मग पुटपुटला, “अफूच्या दुकानात.”

“काढा येण्याआधी जो अफू सोडून पुन्हा घसरला, तो लाजेने तोंड लपवून त्यातच संपला. हा आपल्या पायांनी परत आला. काढ्याने त्याला इथवर आणलं असेल, तर ते थोडं नाही. पण पुढचं काम काढ्याचं नव्हे, बाळ. ते आपलं.”

शिष्य आत गेला. काढा कोमट करून त्याने केरबाच्या हाती दिला, आणि निघून न जाता त्याच्याजवळच बसला.

“केरबादादा,” तो हळूच म्हणाला, “तुमच्या भावाचं नाव काय होतं?”