घरघर यंत्र आणि चांगुणा कोळीण

शंखगडच्या महाराजांना बातम्यांचा राग आला! स्वतःच्या रेडिओ केंद्राच्या नव्हे; तिथे तर दिवसभर त्यांचंच गुणगान चाले. राग आला तो खाडीपलीकडच्या केंद्राचा. तिथला निवेदक रोज सकाळी सातच्या ठोक्याला लघुलहरींवरून सांगायचा, "शंखगडच्या बंदरावरचा दिवा तेलावाचून तीन महिने विझलेला आहे. राजवाड्यातल्या मोरांच्या पिंजऱ्यात मात्र नवं झुंबर लागलं आहे."

महाराजांनी दिव्यात तेल घातलं का? छे! त्यांनी डोंगरावर एक यंत्र बसवलं. सात वाजले की ते त्याच लहरीवर घर्रर्र सुरू करी, आणि गावातल्या रेडिओंमधून जणू शंभर जाती एकदम फिरायला लागत.

पण त्या बातम्यांच्या शेवटी वादळवाऱ्याचा इशारा असे. तोही घरघरीत बुडाला. चांगुणा कोळणीचा भाऊ पोशा इशारा न ऐकताच समुद्रात गेला आणि दोन दिवसांनी मोडक्या डोलकाठीनिशी, अर्धमेला होऊन परतला. चांगुणाने त्याला गरम पेज पाजली, पदर खोचला आणि थेट दरबार गाठला.

"सरकार, ती घरघर बंद करा. आमची माणसं बुडतील!"

दिवाणजी खेकसले, "शत्रूचं केंद्र ऐकता, आणि वर तोंड करून सांगता?"

"ऐकू कुठे येतं, दिवाणजी? तेच तर सांगायला आले!"

दरबारात खसखस पिकली. महाराज इरेला पेटले. "बाई, यंत्र थांबवतो. पण आठ दिवसांत माझ्या प्रजेने ते केंद्र आपणहून सोडलं पाहिजे. हुकूम नाही, शिपाई नाही, घरघर नाही! जमलं तर यंत्र कायमचं बंद. नाही जमलं, तर तुझ्या भावाची होडी जप्त!"

चांगुणाने मनातल्या मनात हिशेब केला. होडी गेली तर चूल विझली! पण दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसताना दिसले, आणि ती ताठ झाली.

"जमेल, सरकार! ते केंद्र सातला जे सांगतं, ते तुमच्या केंद्राने साडेसहालाच सांगून टाकायचं. बस्स!"

"ते काय सांगणार, हे आम्हाला आधी कसं कळणार?" दिवाणजी म्हणाले.

"अहो, केलेलं तुम्हीच असतं. तुम्हाला नाही कळणार? आणि वादळाची तार तर रोज तुमच्याच बंदर कचेरीत येऊन पडते. ती तेवढी वाचा!"

"म्हणजे आमच्याच तोंडाने आमची नाचक्की?" महाराज गरजले.

"सरकार, वीस वर्षं मी बाजारात बसतेय. दारात ताजी मासळी फडफडत असताना खाडी ओलांडून शिळी आणायला कोण जातं?"

महाराजांनी नाइलाजाने मान डोलावली. शब्द तर दिला होता!

दुसऱ्या दिवशी साडेसहाला दिवाणजींनी अडखळत वाचलं, "बंदरावरचा दिवा विझलेला आहे." पाठोपाठ वादळाची तारही वाचली. सारं गाव रेडिओभोवती गोळा! तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी महाराजांना स्वतःच्या केंद्रावर ते ऐकवेना. त्यांनी गाडीभर तेल बंदरावर धाडलं. पाचव्या दिवशी मोरांचं झुंबरही उतरलं, आणि दिवाणजींचा आवाज जरा मोकळा झाला.

आठव्या दिवशी सातच्या आधीच महाराजांनी चांगुणाला बोलावलं, रेडिओ मांडीवर घेतला आणि सातच्या ठोक्याला त्याचा कान पिळला. पलीकडचा निवेदक सांगत होता, "शंखगड केंद्राने दिलेल्या वृत्तानुसार, बंदरावरचा दिवा..."

"अरे! हा तर आमचंच उष्टं वाढतोय!" महाराज ओरडले.

बातम्या संपता संपता गावात फेरफटका मारून दिवाणजी धापा टाकत आले. "सरकार, चमत्कार! सातला ते केंद्र लावलेला एकही रेडिओ नाही!"

"आहे ना!" चांगुणा म्हणाली. "अख्ख्या राज्यात एक आहे."

"कोण तो?" महाराज कडाडले.

"हा काय, सरकार! तुमच्याच मांडीवर!"

दिवाणजींनी डोळे मिटले. महाराजांनी मांडीकडे पाहिलं, चांगुणाकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले, की पगडी घरंगळून थेट दिवाणजींच्या पायाशी गेली! डोंगरावरचं यंत्र त्याच दिवशी उतरलं. वारापाण्याची बातमी यापुढे चांगुणानेच वाचावी, असं महाराजांनी जाहीर केलं, तिला जरीचं लुगडं दिलं, आणि मांडीवरचा रेडिओ उचलून तिच्या हातात ठेवला.