थापी आणि आतला गोटा

फार मागे एका कुंभाराकडे लाकडी थापी आणि दगडी गोटा जोडीने काम करत. ओल्या मडक्यावर थापी बाहेरून मारी, तेव्हा गोटा आतून त्याला आधार देई.

एकदा थापी म्हणाली, "गोटेबुवा, तुम्ही आत नुसते टेकून बसता. घडवते मी. निघा बाहेर!"

गोटा निघाला. मडकं घाबरलं. "थापीबाई, आज जरा हळू मारा. आत कुणी नाही."

"लाड पुरे! मार खाल्ल्याशिवाय कुणी घडलंय का?"

दोन-चार फटक्यांतच मडकं आत ढासळलं. ते पाहून पुढच्या मडक्यांनी तोंडच उघडलं नाही. दिवस मावळेपर्यंत अंगणात चेपलेल्या मडक्यांचा ढीग झाला.

त्याच्याकडे पाहत थापी म्हणाली, "हल्लीची मातीच कच्ची."