साळुंकीच्या मागून

फार पूर्वी एका खारीच्या ढोलीत बियांचा साठा होता. साळुंकी फळं आणून देई आणि बदल्यात बिया नेई. रोज हाका मारायला नकोत म्हणून खारीने तिला थेट आतली वाट दाखवली.

एका सकाळी पिल्लांना उन्हात खेळवून खार परतली आणि दारातच थिजली. पिल्लांच्या अंथरुणावर सापाची ओलसर कात पडली होती.

“अगं बाई! हा आत आला कसा?”

“ताई, मी कुणालाच सांगितलं नाही गं!” फळं घेऊन आलेली साळुंकी म्हणाली.

खारीने त्याच दिवशी घर बदललं. “यापुढे बाहेरच्या फांदीवरून हाक मार. आवाज ओळखला की बिया मीच आणून देईन.”

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे. पण तुझ्या मागून कोण येतं, ते तुलाही दिसत नाही.”

साळुंकीने दचकून मागे पाहिलं.