लिंबाजीचा सूर आणि मामांचा पंप

एका गावात एक भोळा लिंबाजी होता. तसे गावात लिंबाजी दोन होते, पण भोळा हा एकच. याचे सोपानमामा सनई वाजवायचे आणि हा शेजारी बसून सूर धरायचा. म्हणजे सूर नावाच्या पिपाणीतून एकच स्वर, गाल फुगवून, न बदलता. या कामाला त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता.

मामांना दमा होता. लेकीचं, रेवूचं, लग्न ठरलेलं आणि त्यात सनई आपणच वाजवणार हा मामांचा हट्ट. पण एका तानेत धाप लागायची. डॉक्टरबाईंनी दोन पंप दिले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, धाप असो नसो. निळा धाप लागली की. मामा पक्के विसराळू. म्हणून बाई लिंबाजीला म्हणाल्या, "पंप यांच्या हाताशी ठेवत जा."

लिंबाजीनं पंप मामांच्या हाताला सुतळीनं बांधला. मामा जेवायला बसले. पंप आमटीत बुडाला.

"अरे, बांधायचा कशाला?" बाई म्हणाल्या. "ब्रशशेजारी ठेव. ब्रश दिसला की पंप आठवतो."

"आता ब्रशशेजारीच!"

मामा दात घासायचे राखुंडीनं. घरात ब्रश एकच, म्हैस घासायचा. लिंबाजीनं पंप गोठ्यात ठेवला. म्हैस आठवड्यातून एकदा धुवायची. मामांना औषधही आठवड्यातून एकदा.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मामा रोज न चुकता काय करतात?"

"चहा पितात. आणि मला शिव्या देतात."

"मग चहाबरोबर दे."

"शिव्या राहू देत?"

"राहू देत."

लिंबाजीनं चहात पंप मारला. फुस्स. चमच्यानं ढवळला. मामांनी घोट घेतला आणि शिव्या तेवढ्या वेळेवर दिल्या.

शेवटी बाई स्वतः घरी आल्या. "पंप तोंडात धरायचा, दाबताना श्वास आत ओढायचा आणि रोखायचा. तू 'सोडा' म्हणालास की सोडायचा. कळलं?"

"एवढंच होय!"

आणि काय सांगू, हे मात्र त्याला जमलं. मामांची छाती मोकळी झाली. पहाटे सनई घुमायला लागली. तसे मामा म्हणाले, "मी ठणठणीत झालो. बंद कर ते पंपाचं!"

लिंबाजी विचारायला धावला.

"मुळीच नाही!" बाई कडाडल्या. "बरं वाटतंय ते पंपामुळंच. मामा म्हणोत नाहीतर सगळं गाव म्हणो, मी सांगेपर्यंत बंद करायचं नाही."

"तुम्ही सांगेपर्यंत नाही."

लग्नाचा दिवस उजाडला. मामांनी अशी सनई वाजवली की व्याही जेवणाचं विसरले. अंतरपाट धरला. मामांनी सनई खाली ठेवली. भटजी खाकरले.

लिंबाजीचा सूर चालूच.

"बंद कर रे!" मामा म्हणाले. लिंबाजीनं मान हलवली.

"बंद कर!" सगळं गाव म्हणालं. लिंबाजीनं आणखी जोरात मान हलवली. भटजींचं तोंड हलत होतं, ऐकू सूर येत होता. एकानं चुकून अक्षता टाकल्या, त्या बघून सगळ्यांनी टाकल्या. मुहूर्त टळायला आला.

रेवू अंतरपाटामागून ओरडली, "दादा, माझं लग्न लागू दे की रे!"

लिंबाजीनं क्षणभर तोंड मोकळं केलं. "डॉक्टरबाई सांगतील तेव्हाच!" आणि पुन्हा गाल फुगवले.

दवाखान्यात निरोप गेला. बाई हातातलं काम टाकून पळत आल्या. "लिंबा... जी... ते..."

धाप! लिंबाजीनं सूर खाली ठेवला, खिशातून निळा पंप काढला आणि बाईंच्या तोंडात फुस्स. "रोखा श्वास!"

बाईंनी डोळे वटारले, पण श्वास रोखला.

मांडवात शांतता पसरली. भटजींनी ती संधी साधली. सगळी मंगलाष्टकं एका दमात उरकली. सावधान! हार पडले, उरल्यासुरल्या अक्षता पडल्या, लग्न लागलं. मामांनी डोळे पुसले.

"सोडा," लिंबाजी म्हणाला.

बाईंनी श्वास सोडला आणि मांडव हलेल अशा आवाजात ओरडल्या, "बंद कर!"

"बघा मामा, आता बाईच म्हणाल्या!" लिंबाजीचा चेहरा उजळला. त्यानं दोन्ही पंप मांडवामागच्या विहिरीत टाकले, जागेवर येऊन बसला आणि सूर धरला.

बाई हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. पण त्या सुरापुढे कुणाला काही ऐकू आलं नाही.