साकवाच्या गाठी आणि गुळाचे लाडू

सांगा बघू, माणूस एखादं काम जीव ओतून करतो, ते कशासाठी? लाडवासाठी? लाडू कोणाला आवडत नाही! पण एका गावच्या मुखीणबाईने, म्हणजे गावच्या प्रमुख बाईने, अगदी असंच मानलं, आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन ती थेट नदीत पडता पडता वाचली. कशी, ते ऐका.

फार वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एकवीस घरांचं गाव होतं. नदीची ओढ एवढी, की तिथे होडी टिकत नसे. येणंजाणं सगळं साकवावरून. साकव म्हणजे खांबांवर बांबू टाकून, काथ्याच्या दोरीने बांधलेला पूल. दर पावसाळ्यात नदी बांबू वाहून न्यायची, खांब तेवढे राहायचे, आणि तुळशीचं लग्न झालं की गाव नवा साकव बांधायचं.

बांधायची रीतही ठरलेली. दोन्ही हात पसरले की जेवढी लांबी होते, तिला म्हणायचं एक वाव. प्रत्येक घराची एक वाव. ज्याची वाव, त्याच्याच हाताच्या गाठी. वर्षभर पोरं साकवावरून उड्या मारत जायची आणि ओरडायची, "ही आमच्या आजीची वाव! ही भिवाआज्याची!" मधली अकरावी वाव, जिथे पाण्याला सगळ्यात जास्त जोर, ती मुखीणबाईच्या घरची.

मुखीणबाईचं नाव चंद्राक्का. यंदा तिला भारी घाई होती. तिची लेक वेणू हिचं लग्न ठरलं होतं, वऱ्हाड पलीकडून यायचं होतं, आणि हातात होते आठ दिवस. एरवी साकवाला पंधरा दिवस लागत.

"एवढी ज्याची त्याची वाव कशाला?" चंद्राक्का म्हणाली. "ज्याला जमेल त्याने, जमेल तिथे बांधा. एका गाठीला एक गुळाचा लाडू!"

मग काय विचारता! सगळं गाव साकवावर. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ! कोणी एका गाठीच्या जागी पाच बारक्या गाठी मारल्या. कोणी दोरीच्या लोंबत्या टोकालाही गाठी मारून ठेवल्या. जना नावाच्या गड्याने एका दिवसात अकरा लाडू मिळवले आणि पंच्यात बांधून घरी पळाला.

"जना, ढेकर तरी दे रे!" बायका हसल्या.

चौथ्या दिवशी कुरबुर सुरू झाली. "अक्का, आजचा लाडू कालच्यापेक्षा लहान वळलाय हं!" सहाव्या दिवशी म्हणाले, "एका गाठीला दोन द्या, नाहीतर आम्ही चाललो." चंद्राक्काने दोन दिले. सातव्या दिवशी संध्याकाळी साकव उभा राहिला. वऱ्हाड नवव्या दिवशी सकाळी यायचं होतं.

आता उरली होती परीक्षा. साकव झाला की मुखीणबाईने भरलेली घागर डोक्यावर घेऊन तो ओलांडायचा. पाणी सांडलं नाही, तर साकव पक्का.

आठव्या दिवशी सकाळच्या कोवळ्या उन्हात गाव काठावर जमलं. चंद्राक्का पदर खोचून निघाली. एक वाव, दोन वाव... दहा वाव! आणि मधोमध आल्यावर पायाखालचा बांबू सर्रकन फिरला. गाठी सुटल्या. घागर धाडकन पाण्यात! चंद्राक्का एका बांबूला लोंबकळली.

"आई!" काठावरून वेणू किंचाळली.

चार जणांनी धावत जाऊन तिला वर ओढलं. घागर मात्र गेली ती गेलीच.

"तीन लाडू देते!" धापा टाकत चंद्राक्का म्हणाली. "चार देते! पण आजच्या आज बांधा!"

कोणी हललं नाही. एक जण पुटपुटला, "माझी गाठ सुटलीच नाही. दुसऱ्या कोणाची असेल." ते ऐकून दुसराही तेच म्हणाला. मग तिसरा.

तेव्हा चंद्राक्काला भिवाआजा आठवला. गावातला सगळ्यात जुना दोर वळणारा. सात दिवसांत तो साकवाकडे फिरकलाच नव्हता. ओल्या लुगड्यानेच ती त्याच्या अंगणात गेली. आजा काथ्या वळत बसला होता.

"आजा, तू का नाही आलास? लाडू कमी पडले?"

"दात कुठे आहेत लाडू खायला, पोरी?" म्हातारा हसला. "दरसाल तू माझ्या वावेपाशी थांबायचीस. विचारायचीस, आजा, ही गाठ कशी घातलीस रे! यंदा तू गाठी मोजत होतीस. मोजायला मी कशाला हवा?"

चंद्राक्का खालमानेने म्हणाली, "आजा, चुकलं माझं. ज्याची वाव त्याला परत देते. गाठ कशी घालायची ते तू सगळ्यांना दाखव. चलतोस?"

म्हातारा असा उठला, की काथ्याची गुंडाळी घरंगळत अंगणभर गेली!

दोघं काठावर आली. "आपापली वाव धरा! बांबू जागेवर आहेत, गाठी तेवढ्या सोडून परत घाला!" चंद्राक्काने हाक दिली. "भिवाआजा हात लावून बघेल, तोच गाठ पक्की ठरवेल." लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग एक म्हातारी पुढे झाली. "माझ्या सासूची वाव आहे ती, सरका!" पाठोपाठ सगळेच धावले.

जना तेवढा जागचा हलला नाही. "मला लाडूच पाहिजे," तो म्हणाला.

"हावरट मेला!" कोणीतरी ओरडलं.

"गप्प बसा," भिवाआजा म्हणाला. "त्याच्या घरी चार पोरं आहेत आणि महिनाभर कणगीत दाणा नाही. अकरा लाडू त्याने एकट्याने खाल्ले वाटलं तुम्हाला?"

चंद्राक्काने लग्नासाठी काढलेल्या तांदळातून पायलीभर जनाच्या घरी पाठवले आणि त्याला तिथेच पानभर जेवायला वाढलं. हात धुऊन जना जो वाकला, तो आपली वाव संपवून शेजाऱ्याच्या वावेलाही लागला.

आणि लांब वडाखाली येसू कुंभारीण उभी होती. गेल्या वर्षीच गावात आलेली. एकवीस घरांत तिचं घर धरलेलंच नव्हतं, म्हणून तिला वावही नव्हती.

"अगं येसू, बघत काय उभी राहिलीस?" चंद्राक्काने विचारलं.

"मला कुठे वाव आहे, अक्का?"

"मधली घे. माझी. दोघी मिळून बांधू. मला एकटीला आता भीती वाटते बघ तिथे."

येसू धावतच आली. आजा मध्येच खेकसायचा, "सैल आहे! सोड, परत घाल!" आणि कोणी रागवायचं नाही. कोणीतरी गाणं उचललं, पोरं काथ्या पोचवत पळायला लागली. ऊन कलायच्या आत शेवटची गाठ बसली.

पण घागर? येसूने घरून नवीकोरी मातीची घागर आणली. चंद्राक्काने ती भरून डोक्यावर घेतली आणि निघाली. नऊ वाव... दहा... अकरावी! घागरीतलं पाणी काठाशी नुसतं थरथरलं. पलीकडच्या काठावर पाय टेकवून तिने घागर उंच धरली, तेव्हा अलीकडे असा जल्लोष झाला की झाडांवरचे बगळे उडाले. वेणू तर वाटेतल्या प्रत्येक वावेवर थांबत, ज्याची वाव त्याचं नाव घेत आईकडे धावली.

तात्पर्य: उपाशी माणसाला आधी जेवू घालावं, पण भरल्या पोटाच्या माणसाला अजून एक लाडू देऊन त्याचं मन मिळत नाही. त्याला आपलं म्हणायला एक जागा लागते, आणि त्याच्या हातच्या कामाची विचारपूस करणारं कोणी लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वऱ्हाड वाजतगाजत साकवावरून आलं, आणि येसूचा लहानगा मधोमध उभा राहून प्रत्येक पाहुण्याला सांगत होता, "हळू चला, ही आमची वाव आहे."