दिव्याने मान वळवली

फार वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका स्टुडिओत एक मोठा दिवा होता. वयस्कर नटी गोदाक्कांवर त्याची फार माया. त्यांच्या तोंडावर तो भरभरून उजेड ओतायचा.

एके दिवशी अक्कांचे डोळे चुरचुरू लागले. "मला आता जमायचं नाही. दुसरी कुणी बघा," त्या म्हणाल्या.

दिवा कासावीस झाला. "मी कुठं कमी पडलो?"

चौकटीवर ताणलेलं पांढरं कापड म्हणालं, "तू माझ्याकडे बघ. तुझा उजेड मी त्यांच्यापर्यंत पोचवतो."

"पण मी पाठ फिरवली असं वाटेल त्यांना!"

"वाटू दे."

दिव्याने मान वळवली. कापडावरून मऊ उजेड अक्कांच्या चेहऱ्यावर उतरला. त्यांनी सावकाश डोळे उघडले.

"किती जपलंस रे मला!" त्या कापडाला म्हणाल्या.

दिवा त्यांच्याकडे पाठ करून आनंदाने जळत राहिला.