राणीच्या ओटीतले तीळ

फार पूर्वी शिरीषनगरीवर ऊर्ध्वकेतू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या दरबारी सुयाम नावाचे अमात्य होऊन जन्मले होते.

राजा मनाचा चांगला, पण कुणी मान खाली घातलेली त्याला खपत नसे. नगरीत वंदन करायचे तेही हनुवटी वर ठेवून. फळांनी लवलेल्या आंब्यांनासुद्धा त्याने टेकू देवविले होते, आता बोला.

त्याची राणी सुवेला नदीकाठच्या एका लहान गावची. सुयामही तिथलाच. लग्नात तिचा पाठराखा म्हणून आला आणि शहाणपणामुळे अमात्य झाला. त्या गावात सासरी निघालेल्या मुलीची ओटी तांदळांनी नव्हे, गावच्या तांबूस तिळांनी भरत. ते तीळ खायचे नाहीत, सासरच्या मातीत पेरायचे, असा रिवाज होता. पुढे एका पुरात ते गाव वाहून गेले. घरे गेली, माणसे गेली, राणीच्या पदरचे तीळ तेवढे राहिले. एकही दाणा न खाता ते ती दरसाल पेरत आली. मागच्या साली दुष्काळाने पीक जळाले, तेव्हा उरलेसुरले सगळे बी तिने यंदा महालामागच्या वाफ्यात टाकले. हे गेले की गावाची शेवटची खूणही जाणार होती.

भाद्रपदात वाफा फुलला. फिकट गुलाबी, घंटेसारखी फुले तोंड खाली करून डोलू लागली. राणी सकाळी तिथे जाऊन बसे. माहेरच्या आठवणीने तिचा जीव तीळतीळ तुटे.

"दादा, आई तीळ भाजायची तेव्हा वास पार घाटापर्यंत जायचा ना रे?" ती विचारी.

"घाटापर्यंत जायचा. आम्ही पोरं होड्या तशाच सोडून तुमच्या अंगणात यायचो," सुयाम सांगे. हे तिने कितीदा विचारले होते आणि त्याने कितीदा सांगितले होते, तरी दोघांनाही ते नवेच वाटे.

एके दिवशी राजा तिकडे आला. फुलांकडे बघून त्याला वाईट वाटले. "माझ्या घरी असं काय कमी आहे, की हिच्या माहेरची फुलं मान टाकून उभी आहेत?" असे म्हणून त्याने दासींना बोलावले आणि उमलेल ते एकेक फूल वर तोंड करून काडीला दोऱ्याने बांधायला लावले. राणीला ते बघवेना, पण नवऱ्याने केले ते तिच्यावरच्या मायेने, त्याला नको कसे म्हणायचे?

सुयाम म्हणाला, "महाराज, फुलाच्या पोटात पराग असतो, पिवळी पूड. ती भिजली की बी धरत नाही. म्हणून कमळ मिटून घेतं, वालाचं फूल पराग पाकळीच्या होडीत झाकतं, आणि तिळाचं फूल तोंड खाली करून पावसाकडे पाठ करतं. त्याचा देठही मऊ, वाऱ्याबरोबर झुलतो, म्हणून आतलं सांडत नाही."

"म्हणजे भितात."

"भीत नाहीत, महाराज. जपतात."

राजाला ते रुचले नाही. "उद्या शेजारच्या राज्याचा दूत येतोय. त्याच्यासमोर मी तुला महामात्याची मुद्रा देणार आहे. दोऱ्यांवरून वाद नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला आणि वाऱ्यासकट पाऊस सुरू झाला. मुद्रा ताटात आली होती. सुयाम उठून उभा राहिला.

"महाराज, दोरे सोडायची आज्ञा द्या. सकाळचं फूल संध्याकाळी गळतं, ते थांबायचं नाही."

"बाहेर पाऊल टाकलंस तर मुद्रा दुसऱ्याला जाईल."

"जाऊ दे, महाराज," सुयाम शांतपणे म्हणाला आणि निघाला.

त्याच्यामागून राणीही उठली. पावसात दोघे वाफ्यात बसून गाठी सोडू लागली. दोरे भिजून घट्ट झाले होते, काही तर दातांनी तोडावे लागले. बरीच फुले पाण्याने भरून गळून गेली. तिकडे मुद्रा कोषाध्यक्षाला मिळाली.

कार्तिकात पेंढ्या वाळल्या. तिळाची बोंडे वर तोंड करून उघडतात, म्हणून पेंढी उलटी धरून झटकावी लागते. राजाने स्वतः एकेक पेंढी झटकली आणि जमिनीवर वाकून दाणे वेचले. बांधून राहिलेल्या फांद्यांतून काहीच निघाले नाही. सोडवलेल्या फांद्यांनी मूठभर तीळ दिले.

"चव कशी असते याची?" राजाने विचारले.

राणी म्हणाली, "मला आठवत नाही. वास आठवतो, चव गेली. दादाला विचारा."

"माझीही गेली, ताई," सुयाम म्हणाला. हे त्याने तिला इतकी वर्षे सांगितले नव्हते.

राजाने मुठीतला एक दाणा घेतला. "एक तीळ सात जणांनी खावा म्हणतात. तुम्ही तर दोघंच आहात," असे म्हणून त्याने नखाने तो दुभंगला आणि अर्धा अर्धा दोघांच्या तळहातावर ठेवला. स्वतःसाठी काही ठेवले नाही. बाकीचे तीळ त्याने राणीच्या ओटीत घातले. त्या दोघांनी तो जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

भिक्षूंना ही कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे हा आपला भिक्षू उत्तीय, अजूनही बसताना जरा जास्तच ताठ बसतो. राणी म्हणजे भिक्षुणी सुमेखला, आणि सुयाम अमात्य मीच होतो. मान मिळत असताना तो सोडून दुसऱ्याचे जे नाजूक ते जपावे, यालाच करुणा म्हणतात."